युद्धाविरुद्ध सभा घ्यायची, पण अर्ज कोणाच्या नावाने?

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आसपासच्या पोरांना आंदोलन म्हणजे काय हे समजावून सांगायला जाणं म्हणजे उगाच शहाणपण मिरवणं आहे. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी गावात उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार आणि अश्रुधूर झाला, 14 ऑक्टोबरला शंभराहून जास्त एकरांवर सभा झाली. त्या वेळी जी मुलं अकरावी-बारावीत होती ती आज अंबड, जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा ठिकाणी पदवीला आहेत. मांडवात सतरंज्या टाकण्यापासून पुढाऱ्याला वेशीवरून परत पाठवण्यापर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. आता त्यांच्यातल्या कुणाला कॉलेजच्या आवारात गाझातल्या किंवा युक्रेनमधल्या युद्धाविरुद्ध निदर्शनं करावीशी वाटली, बाहेरचा वक्ता बोलवावासा वाटला, तर गावचा अनुभव निम्मा उपयोगी पडेल आणि निम्मा आड येईल. हा लेख त्या आड येणाऱ्या निम्म्याबद्दल आहे.

मागणी कोणाकडे?

अंतरवालीत मागणी कोणाकडे आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आरक्षण देणं सरकारच्या हातात, म्हणून मागणी सरकारकडे. त्यामुळेच मंत्र्यांच्या फेऱ्या झाल्या आणि 14 सप्टेंबर 2023 ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः गावात येऊन उपोषण सोडवून गेले. युद्धाचं तसं नाही. गाझातलं युद्ध प्राचार्य थांबवू शकत नाहीत, कुलगुरूही नाहीत. तहसीलदारांना निवेदन दिलं तर ते शिक्का मारून पोच देतील, फोटो निघेल, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतील आणि विषय तिथेच मिटेल. विद्यार्थ्यांची बहुतेक युद्धविरोधी निदर्शनं इथेच फसतात. पोलीस किंवा प्रशासन आडवं येण्याच्या आधीच, मागायचं काय हे ठरलेलं नसल्यामुळे.

म्हणून घोषणा लिहायला बसण्याआधी एका कागदावर एकच गोष्ट लिहून काढा: समोरचा माणूस त्याच्या सहीने आपल्याला काय देऊ शकतो? प्राचार्य सभागृह देऊ शकतात. ग्रंथपाल त्या विषयावरची पुस्तकं मागवू शकतात. विभागप्रमुख व्याख्यान अभ्यासक्रमाला जोडून घेऊ शकतात. खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, आणि त्यांना पाठवलेल्या पत्राची प्रत तुमच्याकडे राहते. मागणी एवढी लहान केली की ती हास्यास्पद वाटेल अशी भीती वाटते. वाटू द्या. मिळालेलं सभागृह न मिळालेल्या शांततेपेक्षा कामाचं असतं, कारण त्यात पुढची सभा घेता येते.

अमेरिकेतल्या मुलांची नक्कल इथे अंगावर येते. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू पडले आणि ते लोण इतर विद्यापीठांत गेलं, तेव्हा त्यांची मुख्य मागणी पैशाची होती. इस्राएलशी आणि शस्त्रांशी संबंधित कंपन्यांत विद्यापीठाने गुंतवलेला निधी काढून घ्या, असं ते म्हणत होते. तिथल्या मोठ्या खासगी विद्यापीठांकडे गुंतवणुकीचे प्रचंड निधी असतात. त्या मागणीला धरून विश्वस्तांना उत्तर द्यावं लागलं. आपल्या अनुदानित कॉलेजच्या खात्यात काय असतं हे शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या मुलांना मी सांगायला नको. तीच मागणी फलकावर उतरवली तर ती कोणालाच उद्देशून उरत नाही.

उलट युद्ध आपल्यापर्यंत कुठून पोचतं ते शोधा. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा एमबीबीएसला गेलेली भारतातली हजारो मुलं ‘ऑपरेशन गंगा’तून परत आणावी लागली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. त्याच वर्षी सूर्यफूल तेल कडाडलं आणि पोटॅशचा भाव कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ऐकून शेतकरी गप्प झाला, कारण बरंचसं पोटॅश रशिया-बेलारूसकडून येतं. ‘युद्ध थांबवा’ हा विषय अंतरवालीजवळच्या वडीगोद्रीच्या बाजारात बोलता येईल अशा भाषेत मांडला, तर ऐकणारे वर्गाबाहेरचेही मिळतात.

संप की रात्रभर वर्ग?

निदर्शनांचा आकार ठरवताना एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. मार्च 1965 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध एक दिवस शिकवणं बंद ठेवायचं ठरवलं. राज्याचे पुढारी आणि वरिष्ठ खवळले: पगार घेऊन काम बंद? मग प्राध्यापकांनी बेत उलटा केला. काम बंद ठेवण्याऐवजी जास्त काम करायचं, म्हणजे 24 मार्चच्या रात्री सुरू करून पहाटेपर्यंत व्याख्यानं आणि चर्चा. सुमारे तीन हजार लोक आले. मुलींच्या वसतिगृहांना त्या रात्रीपुरती वेळेची सूट मिळाली. थोड्याच आठवड्यांत ही पद्धत इतर अनेक विद्यापीठांत पसरली. विरोध करणाऱ्यांना बोट ठेवायला जागाच उरली नाही, कारण ज्ञानदानावर आक्षेप कसा घेणार?

आपल्याकडचं उदाहरण त्याच्याही आधीचं आहे आणि त्याहून शिस्तीचं. दुसऱ्या महायुद्धात भारताला न विचारता ओढल्याच्या निषेधात गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला आणि 17 ऑक्टोबर 1940 ला वर्ध्याजवळच्या पवनारला पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे उभे राहिले. युद्धाला माणसं आणि पैसा देऊन मदत करू नका, एवढंच भाषण. त्या सत्याग्रहाची पद्धत अशी होती की सत्याग्रही जागा, दिवस आणि वेळ मॅजिस्ट्रेटला आधीच कळवत असे. गर्दी नको, लपवाछपवी नको, एक माणूस आणि एक वाक्य. विनोबांना चारच दिवसांत अटक झाली, पण ते काय म्हणाले याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ राहिला नाही. तुमच्या कॉलेजात पन्नास जण जमत नसतील तर हताश होऊ नका. पाच जणांनी मधल्या सुटीत फलक घेऊन शांत उभं राहणं आणि त्याची सूचना दोन दिवस आधी कार्यालयात देणं, हाही पूर्ण कार्यक्रम आहे.

नाव कोणाचं लावता?

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर नऊ दिवसांच्या अंतराने दोन आंदोलनं झाली. 29 तारखेचं जरांगेंचं सगळ्यांना माहीत आहे. 20 तारखेचं गाझासाठी होतं, आणि ते तिथवर कसं पोचलं हे अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाहण्यासारखं आहे. आधी पोलिसांनी परवानगी नाकारली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 25 जुलैला याचिका फेटाळली गेली. देशातले प्रश्न सोडून हजारो मैलांवरच्या प्रश्नावर का बोलता, असं न्यायमूर्तींनी सुनावलं, त्याची बातमी झाली. बातमीत दबून गेलेला मुद्दा वेगळाच होता: पोलिसांकडचा मूळ अर्ज दुसऱ्या संस्थेचा होता आणि न्यायालयात पक्ष आला होता. तुमचा अर्जच नाही तर तुम्हाला नाकारलं कसं, हा प्रश्न उरतोच. पुढे पक्षाने स्वतःच्या नावाने अर्ज केला, पोलिसांनी आझाद मैदानाची जागा दिली आणि सभा झाली.

तेव्हा अर्ज ज्याच्या नावाने, फलक त्याच्याच नावाने, आणि उद्या दाद मागायची वेळ आली तर तीही त्याच्याच नावाने.

दुसरी गफलत संस्थेचं नाव लावण्याची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल 2024 मध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. त्याच्यावरचा एक ठपका असा की दिल्लीतल्या मोर्चात तो ज्या फलकाखाली चालला त्यावर संघटनेच्या नावाला जोडून संस्थेचं नाव होतं, आणि त्यामुळे ही संस्थेची भूमिका आहे असा समज झाला. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भोगलेला काळ पुरेसा मानून निलंबन संपवलं आणि त्याची पीएचडीची वाट मोकळी झाली. वर्ष मात्र गेलं ते गेलंच. शिक्षा जड होती असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही तुमच्या फलकावर कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं नाव नको. ‘युद्धविरोधी विद्यार्थी, अंबड’ एवढं पुरे.

अर्ज कसा लिहावा याचा एक नमुना देतो, कारण मुलं एक तर दोन ओळी लिहितात नाहीतर भाषण लिहितात.

‘प्रति, मा. प्राचार्य. विषय: दि. अमुक रोजी दुपारी 3 ते 5 या वेळेत सभागृह मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी वरील दिवशी “युद्ध आणि शेतमालाचे भाव” या विषयावर व्याख्यान व प्रश्नोत्तरे आयोजित करू इच्छितो. वक्त्यांचे नाव, व्यवसाय व पत्ता सोबत जोडला आहे. अंदाजे उपस्थिती 80. ध्वनिक्षेपक फक्त सभागृहात वापरला जाईल. कार्यक्रमाचा कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही. जबाबदार विद्यार्थी: दोन नावे, वर्ग, हजेरी क्रमांक, मोबाइल. परवानगी नाकारावयाची असल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी नकार वाऱ्यावर जातो, लेखी नकारावर वर दाद मागता येते. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की सांगतो.’ न रागावता पोच मिळेपर्यंत उभं राहायचं. तोंडी बोलण्याची किंमत अंतरवालीत सगळ्यांनी पाहिली आहे. 2 नोव्हेंबर 2023 ला निवृत्त न्यायमूर्ती आणि मंत्री येऊन गेले, उपोषण थांबलं, आणि लगेच मुदत 24 डिसेंबरची की 2 जानेवारीची यावरून दोन्ही बाजूंत वाद सुरू झाला. एवढ्या मोठ्या आंदोलनात हे होतं, तर तुमच्या सभागृहाच्या तारखेचं काय सांगावं.

विद्यार्थी विकास अधिकारी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी तुमच्या बाजूचे असतील तर कार्यक्रम त्यांच्यामार्फत घ्या. वर्षाचे काही कार्यक्रम त्यांना दाखवावेच लागतात, त्यामुळे तुमची अडचण आणि त्यांचा अहवाल दोन्ही मार्गी लागतात. मात्र एखाद्या प्राध्यापकाला पुढे करताना त्याची नोकरी कायम आहे की तासिका तत्त्वावर, हे आधी बघा. तासिकावाल्या सरांना अडचणीत आणून युद्धविरोधी म्हणवून घेणं बरं दिसत नाही.

वक्ता

नोव्हेंबर 2023 मध्ये पवईच्या आयआयटीत दोन प्रसंग लागोपाठ घडले. एका अभ्यासक्रमात पॅलेस्टाइनवरचा माहितीपट दाखवून नाट्यकर्मी सुधन्वा देशपांडे यांचं ऑनलाइन व्याख्यान झालं. काही विद्यार्थ्यांनी त्यातल्या बोलण्यावर तक्रार केली, प्रकरण पोलिसांपर्यंत आणि दरवाजाबाहेरच्या निदर्शनांपर्यंत गेलं. त्यानंतर काही दिवसांनीच इस्राएल-पॅलेस्टाइनच्या इतिहासावर प्रा. अचिन वनाईक यांचं ठरलेलं व्याख्यान रद्द झालं, आणि बाहेरच्या वक्त्यांबाबत संस्थेने नियम कडक केले. एका व्याख्यानाचा फटका पुढच्या व्याख्यानाला असा बसतो. पहिला वक्ता कसा बोलला यावर तुमच्या कॉलेजात दुसरा वक्ता येणार की नाही हे ठरतं, तेव्हा निवड भावनेच्या भरात करू नका.

मोठ्या नावाचा सोस सोडा. यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात असा वक्ता पुण्या-मुंबईहून आणायचा म्हणजे प्रवासखर्च, मानधन, मुक्काम, आणि शेवटी तो तेच बोलणार जे मुलांनी मोबाइलवर ऐकलं आहे. त्यापेक्षा जवळ पाहा. युक्रेनमधून परतलेला एखादा डॉक्टर. सीमेवर काम केलेले निवृत्त सुभेदार. मराठवाड्यात माजी सैनिक नाहीत असा तालुका सापडणं कठीण. खतांच्या आयातीचा हिशोब सांगू शकणारा कृषी महाविद्यालयातला प्राध्यापक. युद्धावर फौजी माणूस काय बोलेल, तो तर युद्धाचं समर्थन करेल, असं मुलांना वाटतं. बोलवून पाहा. ज्याने गोळीबार जवळून पाहिला आहे तो युद्धाबद्दल टीव्हीवरच्या निवेदकापेक्षा जपून बोलतो. आणि समर्थन केलंच, तर तुमच्याकडे प्रश्नोत्तरांचा तास आहेच.

वक्त्याला पाठवायच्या पत्रात विषय, किती मिनिटं, श्रोते कोण, रेकॉर्डिंग होणार की नाही आणि मानधन देणार की नुसता प्रवासखर्च, हे सगळं आधी लिहा. मानधन विचारायला संकोच वाटतो म्हणून ते मोघम ठेवलं जातं आणि शेवटी शाल-श्रीफळावर भागवलं जातं. हे वाईट आहे. देता येत नसेल तर तसं लिहा, चांगली माणसं तरीही येतात. गाडीचा नंबर गेटवर आधी द्या, म्हणजे पाहुणे रजिस्टरपाशी ताटकळत उभे राहणार नाहीत. परदेशी पाहुणा असेल तर तो कोणत्या व्हिसावर आला आहे ते विचारा; पर्यटक म्हणून आलेल्याला व्यासपीठावर बसवलं तर तो अडचणीत येऊ शकतो.

सभेच्या वेळेचाही विचार करा. चारच्या एसटीने गावी जाणाऱ्या मुली साडेपाचच्या सभेला थांबू शकत नाहीत आणि वसतिगृहातल्या मुलींना वेळेत आत जावं लागतं. मग सभेत फक्त मुलं उरतात आणि नंतर ‘मुली येतच नाहीत’ अशी तक्रार होते. दुपारी घ्या. प्रास्ताविक पाच मिनिटं, सत्कार एकच आणि तोही वक्त्याचा. आपल्याकडे संस्थाचालक, संचालक, उपप्राचार्य, पत्रकार अशा सगळ्यांच्या गळ्यात हार पडेपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या होतात आणि वक्ता ‘वेळेचं भान ठेवून’ बोलायला उभा राहतो.

पुढाऱ्याचं काय? उपोषणाच्या पहिल्याच आठवड्यात अंतरवालीत शरद पवार, उद्धव ठाकरे, राज ठाकरे येऊन गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. या दोन टोकांमधून तुम्हाला एक सोपा नियम करता येईल: येऊ द्यायचं, पण समोर बसवायचं. माइक त्या दिवशी ठरलेल्या वक्त्याकडेच राहील, हे निमंत्रणातच छापा म्हणजे ऐनवेळी कुणाचं मन मोडावं लागत नाही.

दुसरी बाजू आलीच तर

जून 2024 मध्ये वडीगोद्रीला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषणाला बसले. अंतरवालीचं उपोषण नुकतंच होऊन गेलेलं, दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर, रस्ता एकच. दोन्हींकडच्या लोकांना किराणा त्याच दुकानातून आणि दवाखाना तोच. त्या दिवसांत या भागात राहिलेल्या कुणालाही विरोधी मंडप म्हणजे काय असतो ते विचारावं लागत नाही. कॉलेजातही तेच होईल. तुम्ही गाझावर बोलाल, दुसरा गट हमासच्या हल्ल्यावर बोलेल, तिसरा म्हणेल की पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यावर तुम्ही का गप्प होता.

याला उपाय घोषणांनी होत नाही. त्यांच्या म्होरक्याला आदल्या दिवशी भेटा आणि पहिला प्रश्न विचारायची संधी त्याला द्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवण्यापेक्षा उभं राहून विचारू द्या, पण एका माणसाला एक मिनिट, आणि घड्याळ धरणारा दोन्ही गटांना मान्य असलेला कुणीतरी सर. प्रश्न अडचणीचा असेल तर तो चांगला प्रश्न आहे. पहलगाममधले 26 मृत आणि गाझातले मृत यांच्यात निवड करायला लावणाऱ्याला सांगता आलं पाहिजे की दोन्हींबद्दल बोलायची आमची तयारी आहे. आणि नुसतं सांगून भागणार नाही, तुमच्या फलकांवर ते दिसलंही पाहिजे. ज्या युद्धविरोधी सभेत एकाच बाजूचे मेलेले मोजले जातात ती सभा त्या युद्धातलीच एक बाजू होऊन बसते.

संपूर्ण भाषण रेकॉर्ड करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकाच मोबाइलवर, न कापता. बाहेर फिरणारी क्लिप नेहमी वीस सेकंदांची असते. पूर्ण रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलायला काहीतरी असतं.

आवाराबाहेर पाय ठेवला की

गेटच्या आत प्राचार्यांचा शब्द, गेटच्या बाहेर पोलिसांचा. जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतं, आणि सणवार, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात ते लागोपाठ निघत राहतात. पाच किंवा अधिक लोकांचा जमाव, काठ्या, पुतळे जाळणं यांवर त्यात बंदी असते. झेंडा बांबूला लावला तर बांबू काठीत मोजला जाऊ शकतो, म्हणून फलक हातात धरायचे. पुतळा जाळायचा मोह टाळा; युद्धविरोधी माणसाने कुणाला जाळून दाखवावं हे मला तसंही विसंगत वाटतं. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन आदेश लागू आहे का ते विचारा. शाळा-कॉलेज, दवाखाना, न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरात शांतता क्षेत्राचे नियम लागू असू शकतात, म्हणजे कॉलेजच्या गेटसमोर भोंगा लावणं ही सगळ्यात सोपी चूक. रस्ता अडवू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये शाहीन बागच्या निकालात सांगितलं आहे की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवण्याचा नाही.

मोबाइल

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली. सुमारे दोन तासांत ती काढली, माफीही मागितली. तरी 9 मे रोजी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, परीक्षा तोंडावर असताना ती येरवड्यात होती. 27 मे रोजी उच्च न्यायालयाने जामीन दिला, सरकारला खडे बोल सुनावले आणि कॉलेजचा आदेशही थांबवला. न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं हे खरं, पण तोवर अठरा दिवस गेले होते.

यातून ‘लिहूच नका’ असा निष्कर्ष काढू नका. स्वतःचं लिहा, स्वतःच्या शब्दांत, तारीख आणि आधार देऊन. दुसऱ्याची पोस्ट, विशेषतः अनोळखी हँडलची, एका बोटाने पुढे ढकलू नका. तिच्यातला प्रत्येक शब्द तुमच्या नावावर जमा होतो. आपल्याच देशाची लढाई चालू असताना तर दुप्पट जपा. व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन दोन ठेवा आणि कार्यक्रम संपला की ग्रुप बंद करा. रात्री दोन वाजता तिथे कोण काय टाकेल याची जबाबदारी कशाला घ्यायची?

गुन्हा दाखल झाला तर

मराठवाड्यातल्या मुलांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे वर्गातली अर्धी मुलं सकाळी मैदानावर भरतीची तयारी करत असतात. पोलिसांनी दिवसभर ताब्यात ठेवून संध्याकाळी सोडणं वेगळं आणि गुन्हा नोंदला जाणं वेगळं. गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीत तो येतो, पासपोर्टच्या वेळीही येतो. किरकोळ गुन्ह्यामुळे नोकरी जाईलच असं नाही, पण तो लपवला तर बहुधा जाते. साक्षांकन नमुन्यात विचारलं असेल तर खरं लिहा; माहिती दडवण्याच्या प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग निकालात सविस्तर मार्गदर्शन केलेलं आहे.

‘गुन्हे मागे घेऊ’ या आश्वासनावर विसंबून राहू नका. अंतरवालीच्या आंदोलनात ही मागणी पुन्हा पुन्हा करावी लागली, याचं कारण समजून घ्या. सरकारने निर्णय घेतला तरी सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. मधल्या काळात तुमची भरती होऊन जाते. म्हणून पुढे कोण उभं राहणार हे ठरवताना ज्याची शारीरिक चाचणी तोंडावर आहे त्याला मागे ठेवा, आणि त्यावरून त्याला भित्रा म्हणू नका.

ताब्यात घेतलंच तर काय मागायचं ते पाठ असू द्या: अटकेचं कारण, घरच्यांना कळवणं, वकिलाशी बोलणं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं. मुलींना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी एरवी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, हे आजोबासुद्धा सांगतील.

परदेशात शिकणाऱ्यांना दोनच ओळी. तिथला नागरिक विद्यार्थी आणि व्हिसावरचा विद्यार्थी एकाच तंबूत बसले तरी त्यांची जोखीम एक नसते. 2025 मध्ये अमेरिकेत निदर्शनांवरून विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, त्यात भारतीयही होते; आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि वकिलाकडे जा, मग मैदानात.

इथे मात्र वकिलाच्या फीची भीती बाळगायचं कारण नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न देता. बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची अट आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 15100. सभेच्या आदल्या दिवशी तो सगळ्या स्वयंसेवकांच्या मोबाइलमध्ये घाला आणि दोघातिघांना कागदावरही लिहून द्या, कारण मोबाइल आधी काढून घेतले जातात.